औंढ्याच्या कणगीतली ऊब

या सदरातले अनुभव मी आजवर शंकेनेच वाचत आलो. विज्ञानाचा पदवीधर; भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असे म्हणवत नाही. लिहिण्याची सवय नाही, शिवाय या वयात पहिल्यांदाच लिहीत आहे... तेव्हा सांभाळून घ्यावे.

साठच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. साठवलेले धान्य बिघडू लागले आहे का, हे तपासण्याच्या नोकरीवर मी लोणावळ्यास होतो. तुंगार्लीत एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये राहत असे. सीझन नसला की आसपासचे सगळे बंगले बंद. दिवसचे दिवस कोणाशी बोलणे होत नसे, आणि माझ्या स्वभावाला ते सोयीचेही होते. सोबतीला एक उपकरण — लांब पोकळ सळई, तिच्या टोकाला उष्णता जाणणारी तार, आणि सुईची पेटी. धान्याला आतून बुरशी धरली की ते तापते. सळई खुपसली की सुई सांगते.

फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला आणि जवळच्या औंढे गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, आबांच्या, घराची कौले गळली. खाली बियाण्याच्या भाताची कणगी, म्हणजे बांबूची विणलेली मोठी कोठी, होती. आबांच्या पत्नीने ती मार्गशीर्षात भरून शेणमातीने लिंपली आणि त्याच महिन्यात ती वारली. तिकडची रीत अशी, की बियाण्याची कणगी घरच्या बाईने लिंपायची आणि पेरणीलाच फोडायची. न फोडता आतले कळावे, म्हणून आबांनी मला बोलावले.

"आलं का भाताचं डाक्टर?" शेजारच्या सखूमावशी दारातूनच म्हणाल्या. "नाडी बघा म्हनावं."

लिंपणाला गेलेल्या बारीक भेगेतून, विणीच्या फटीत मी सळई सारली. कडेला गार, तळाला गार. मध्यावर मात्र सुई चढली आणि एका रेघेवर स्थिर झाली. उपकरणात दोष असावा म्हणून सळई काढून टोक मुठीत धरले. सुई त्याच रेघेवर आली... माणसाच्या अंगाची ऊब, ना कमी ना जास्त.

"आबा, आत ऊब आहे. बुरशी असावी. आजच फोडून वाळवले नाही, तर बी उगवणार नाही."

आबांनी कणगीवर तळहात टेकवला. "ऊब हाय?"

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या."

"आबा, बी गेलं तर वरीसभर काय लिंपान खाशीला?" सखूमावशी म्हणाल्या.

"तिनं लिपलंय. पेरनीलाच फुटंल."

वाद घालणे मला कधी जमले नाही. मी दर आठवड्याला सायकलने औंढ्यास जाऊ लागलो. बुरशीची उष्णता वाढत जाते. ही वाढली नाही, उतरलीही नाही. मी जाई तेव्हा आबा बहुधा कणगीला पाठ टेकून बसलेले असत. मला चहा देत आणि सुई काय म्हणते ते विचारत. खरे सांगायचे तर मला त्या घरातून निघावेसे वाटत नसे.

रोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले, आभाळ भरून आले. आबांनी मला मुद्दाम निरोप धाडला. सकाळीच सळई घालून पाहिली — सुई त्याच रेघेवर. मग आबांनी आपल्या हाताने लिंपण फोडले. भात कोरडे होते, वासही चांगला होता. मी सळई पुन्हा मध्यावर नेली.

"आता काय म्हनतीया?"

"गार आहे, आबा."

ओंजळभर भात हातात धरून ते उभे राहिले. "आजचा दिस थांबाया पायजे व्हतं," एवढेच म्हणाले, आणि टोपली भरू लागले.

भात तापले असते तर उगवले नसते. उपकरण बिघडलेले असते तर इतर घरांतल्या कणग्यांचे माप बरोबर आले नसते. तिसरे कारण मी इतकी वर्षे शोधतो आहे. अजून सापडलेले नाही.

पुढल्या खेपेस गेलो तेव्हा राबात रोपे दाट उगवली होती. सखूमावशी बांधावर उभ्या होत्या. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"जगलं की वं बी, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "बी जगलं."