अय्युब मिस्त्रीने केलेली वाटणी

धुळ्याच्या पारोळा रोडवर अय्युब मिस्त्रीशी भांडण झालं नाही असा माणूस शोधावा लागेल. हवा भरणाऱ्याशी तो कॉम्प्रेसरच्या आवाजावरून भांडला, शेजारच्या गॅरेजवाल्याशी सावलीवरून. लिंबाची सावली दुपारनंतर गॅरेजवाल्याच्या हद्दीत जाते, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण अय्युबने आठवडाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. हातात मात्र कसब होतं, आणि लोक त्या कसबापायी त्याचं तोंड सहन करत.

हायवेच्या मधोमध कंबरभर उंचीची काँक्रीटची भिंत असते, खाली रुंद आणि वर निमुळती. पुलाच्या कडेला कठडा असतो. हे सगळं लोखंडी फर्म्यात ओततात, आणि तो फर्मा अय्युबच्या कारखान्यात बनायचा आणि ठेकेदारांना भाड्याने जायचा. फर्म्याला दोन पल्ले, डावा आणि उजवा. दोन्ही समोरासमोर उभे करायचे, आवळायचे आणि मग एकदमच भोकं पाडायची, म्हणजे बोल्ट सरळ आरपार जातो. एका जोडीचा पल्ला दुसऱ्या जोडीला लागत नाही. लावला तर फट राहते, फटीतून सिमेंटचं पाणी गळतं, आणि फर्मा उघडला की आत खडी उघडी पडलेली दिसते.

हे काम अय्युब आणि त्याचा धाकटा भाऊ शेहजाद मिळून करत. अय्युब पत्रा कापायचा, शेहजाद वेल्डिंग करायचा. एके दिवशी एक जोड वाकडा गेला, आणि अय्युबने सगळ्या कामगारांसमोर शेहजादच्या कानाखाली वाजवली. शेहजादची मुलगी नाजमीन तेव्हा लग्नाला आलेली होती. लेकीच्या सोयरिकीच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला थप्पड! तेही एका वेल्डिंगपायी! शेहजादने काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला, घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी वाटणी मागितली.

वाटणीला लोटन आबा बसले. आबांची लाकडाची वखार कारखान्याला लागून. दोघा भावांच्या वडिलांचे ते जिवाभावाचे दोस्त, म्हणून त्यांचा शब्द दोघांना चालायचा. ही पोरं घरात हिंदी बोलत आणि गल्लीत अहिराणी, आणि आबांपुढे तर अहिराणीच.

"मोठा भाऊ वाटा करस, धाकला उचलस," आबा म्हणाले. "बठ्ठा खान्देशमा हाईच रीत शे."

रीत चांगली आहे. वाटे करणाऱ्याला ठाऊक असतं की निवडायचा हक्क दुसऱ्याचा आहे, म्हणून तो लबाडी करत नाही. पण ज्याने कोणी ही रीत काढली त्याने अय्युब मिस्त्री पाहिला नव्हता. यंत्रांचे वाटे झाले, पत्र्याचे झाले. फर्म्यांपाशी आल्यावर अय्युबच्या पोटात दुखायला लागलं. अर्ध्या जोड्या नव्या होत्या, अर्ध्या जुन्या. कसेही वाटे केले तरी शेहजाद चांगला उचलणार. मग अय्युबने कामगारांना हाताशी घेऊन एकेक बोल्ट सोडला. सगळे डावे पल्ले एका भिंतीला लावले, सगळे उजवे दुसऱ्या भिंतीला.

आबा बघतच राहिले. "हाई काय करं रे तू? गाडीनं एक चाक एकले, एक चाक दुसराले?"

"वाटा बरोबर शे, आबा. तोलीसन देखी ल्या."

अय्युबचा हिशोब साधा होता. आता हा अडेल, पाया पडेल, म्हणेल भाऊ, चूक झाली, एकत्र राहू. शेहजादने टेम्पो बोलावला, उजवे पल्ले भरले आणि दोंडाईचाला सासुरवाडीजवळ जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्याचं काम सुरू केलं. उजवे पल्ले तिथे त्याच्या शेडमागे पडून राहिले, डावे इथे अय्युबच्या भिंतीला. नाजमीनच्या लग्नाला अय्युब गेला नाही. विचारलं की म्हणायचा, "मी तर न्यायाने वाटणी केली, त्यालाच राग आला." इतक्यांदा म्हणाला की त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलेनाशी झाली.

फर्म्यांचं काम गेलं आणि कारखाना खिडक्यांच्या जाळ्यांवर आला. लोखंडी जाळी कोणीही करतो. चांगले कारागीर एकेक करून निघून गेले, काही दोंडाईचालाच गेले, आणि ते अय्युबला जास्त झोंबलं.

अशी काही वर्षं गेली. मग पारोळ्याच्या अलीकडच्या नदीवर नवा पूल बांधायला निघाला. ठेकेदार प्रेमराज जुना गिऱ्हाईक. तो कारखान्यात येऊन खुर्चीत बसला. "अय्युबभाई, कठडा पावसाळ्याआधी हवा. नवे फर्मे करत बसलात तर नदीला पूर येईल. तुमच्या त्या जुन्या जोड्या काढा. हे काम नीट झालं तर पुढच्या सगळ्या पुलांचं तुम्हालाच."

हे काम मिळालं तर कारखाना उभा राहणार होता. नाही मिळालं तर शटर ओढायचं, एवढं उघड होतं. जोड्या कुठे आहेत हे अय्युबने प्रेमराजला सांगितलं नाही. गपचूप जुन्या डाव्या पल्ल्यांना नवे उजवे पल्ले करायला घेतले. पण जुना पल्ला वर्षानुवर्षं मार खाल्लेला, प्रत्येकाचा बाक वेगळा. प्रेमराजसमोर नमुना ओतला. काँक्रीट खाली बसवायला व्हायब्रेटर लावताच फर्म्याच्या कडेने पाणी गळून जमिनीवर ओघळलं. फर्मा उघडल्यावर प्रेमराजने बोटाने खडी उकरली, ती सहज निघाली.

"हे तुमचं काम नाही," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत जोड्या दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

घरी हुस्नबानोने ताट पुढे सरकवलं आणि नवऱ्यासमोर बसली. "भाई से बोलने में जबान झडेगी क्या?" तिने विचारलं. अय्युब जेवला नाही. पण तिने परस्पर लोटन आबांना सांगितलं, आणि आबांनी दोंडाईचाला फोन केला.

रविवारी वखारीत शेहजाद आला. दाढी पांढरी झाली होती. अय्युबला ते पाहून आत काहीतरी हललं, आणि लगेच त्या हलण्याचाच राग आला. आबांनी दोघांना लाकडाच्या ओंडक्यांवर बसवलं.

शेहजाद भावाकडे न बघता आबांशी बोलला. "पल्ला देसू, आबा. फुकट देसू. मन्हा टेम्पोमा आणी देसू. त्यानी फक्त एकदाव तुमना समोर सांगनं, 'तो वाटा मी याले बुडावाले करा व्हता.'"

थप्पडीचं नाव त्याने काढलं नाही. तिची माफी मागितली नाही तरी चालणार होतं त्याला.

"सांगी टाक रे बा," आबा म्हणाले. "दोनच शबद शेत."

अय्युब उठला. हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते. वखारीत करवत बंद होती, आणि शेजारच्या कारखान्यात त्याची माणसं थांबून ऐकत होती हे त्याला माहीत होतं. बोलायचं काय ते तो घरून पाठ करून आला होता. शेहजादने तेवढ्यात मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती आशा अय्युबला विजयासारखी दिसली. झालं.

"मी वाटा न्यायनाच करा व्हता, आबा," तो म्हणाला.

शेहजादने चपला घातल्या. आबांना हात जोडले आणि निघून गेला. आबांनी अय्युबकडे पाहिलं, मग हाक मारून करवत सुरू करायला सांगितली. त्या आवाजात पुढे काही बोलता येणार नव्हतं, आणि आबांना तेच हवं होतं.

त्याच संध्याकाळी अय्युबने गॅस कटर पेटवला आणि सगळे डावे पल्ले कापून काढले. कोणी अडवलं नाही. भंगारवाला ते तुकडे घेऊन गेला तेव्हा त्याच्याशीही अय्युब भांडलाच.

प्रेमराजने नाशिकहून फर्मे आणले. पावसाआधी कठडा झाला. पुढे अय्युब हुस्नबानोला तिच्या बहिणीकडे घेऊन जाताना त्या पुलावर गाडी लावून उतरला. कठड्याच्या बाजूने चालत गेला, जोडांवरून हात फिरवला, वाकून खालची कड बघितली. कुठे फट नाही, फुगवटा नाही, खडी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो खोट शोधत राहिला आणि त्याच्या मनाचा नुसता जाळ झाला.

परत आल्यावर हुस्नबानोने विचारलं, "कैसा बना है?"

"रद्दी," अय्युब म्हणाला आणि गाडीला किक मारली.