गाडी उभी होती तिथवर

भारतचं घराणं मेंढपाळांचं. वडील बिरूआबा दिवाळी झाली की कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर माघारी. भारतच्या हातात मात्र काठीऐवजी स्टिअरिंग आलं. चिकलठाण्याच्या एका ट्रॅव्हल्सची गाडी तो चालवायचा, विमानतळावरचे पाहुणे वाळूजला, वेरूळला पोहोचवायचा. गाडीत नेव्हिगेशनचा स्क्रीन बसला आणि त्याने वाट विचारायचंच सोडलं. काच खाली करून कुणाला रस्ता पुसणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं.

मागच्या पौषात बिरूआबा मेंढरांच्या तळावरच गेले. तापाचं निमित्त झालं. सोबत भारतचा मामा, फकिरा होता. त्याचा फोन येताच भारत आई म्हाळसाबाईला घेऊन निघाला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडीवाट संपली तिथं गाडी लावली आणि मायलेक ढेकळांतून बरंच चालत गेले.

तळावर मरण आलं तर मेंढरं बसली असतील त्या शेताच्या बांधालाच माती द्यायची, वर धोंडा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तळ हलवायचा, अशी त्यांची रीत. कळपाला चारा लागतो. तो दुःखासाठी थांबत नाही. फक्त जाण्याआधी घरच्या माणसाने शेतमालकाला भेटायचं, नाव-गाव विचारायचं, हातात नारळ द्यायचा. मग तो मालक नांगरताना धोंड्याला वळसा घालतो आणि वर्षश्राद्धाला कुणी आलं तर जागा दाखवतो.

"मालक बाजाराला गेलाय, सांजच्याला येईल. थांब तवर," आबांना माती दिल्यावर फकिरा म्हणाला होता.

"मामा, आता कशाला पायजे ते? गाडीत समदं राहतं." भारतला दुसऱ्या दिवशीचं भाडं होतं. गाडीत बसल्यावर त्याने स्क्रीनवर बोट दाबलं, त्या जागेला 'आबा' असं नाव दिलं आणि म्हणाला, "माय, आता आभाळातून नजर हाय आबावर. कवाबी म्हण, नेतो."

वर्षभर म्हाळसाबाई शेजारच्या मालनबाईला हेच सांगत राहिली. "आमच्या धन्याची राखण आभाळातून चालती." मालनबाई म्हणायची, "व्हय, जित्तेपणी तर कुणी राखलं नाय."

वर्षाला दोघं निघाले. म्हाळसाबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. मांडीवर भाकरी-वांग्याचा डबा, वर तंबाखूची पुडी. "त्या दिवशी निस्ती हातानं चाचपली माती," ती म्हणाली. "आज धोंडा डोळ्यांनी बघते."

पैठणच्या पुढे दोन वळणं घेऊन स्क्रीन बोलला, की आपण पोहोचला आहात. भारतने गाडी थांबवली. चहूकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. ना बांध, ना मोकळं रान.

मोटरसायकलवर एक जण येत होता, त्याला भारतने हात केला. तो म्हणाला, "इथं लई कळप बसायचे, भाऊ. पाणी आलं तसं बांध फोडून जेसीबीनं सपाट केलं सगळं. मालकाचं नाव सांगा, दाखवतो."

नाव नव्हतं.

"मग अवघड हाय. माझ्या उसाखाली मढं हाय, असं कोण कबूल करंल?"

फकिराला फोन लावला, तर तो म्हणाला, "एका हंगामात किती शिवारं तुडवतो आम्ही. सारखीच दिसत्यात. म्हणून तर थांब म्हणत होतो." मग भारतने अभयला लावला. औरंगपुऱ्यातल्या दुकानात स्क्रीन बसवून दिला होता तो याच अभयने.

"खराब काही झालं नाही, भारतभाऊ," अभय म्हणाला. "वरचे उपग्रह कुणाला बघत नसतात. आपण कुठं आहोत आणि वाजले किती, एवढंच ते सांगत सुटतात. चार-पाच उपग्रहांचं तुमच्या गाडीतला डबा ऐकतो. कुणाचा निरोप यायला किती वेळ लागला, त्यावरून कोण किती लांब ते काढतो, आणि त्यावरून स्वतःची जागा. फक्त स्वतःची. बटण कुठं दाबलं होतं?"

"गाडीत."

"मग गाडी उभी होती तीच जागा राहिली."

म्हाळसाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. भारतने तिला जमेल तसं सांगितलं. "माय, ते आबाला बघत नव्हतं. ह्या डब्याला फक्त त्याचं त्याला कळतं."

तिने उसाकडे बघत विचारलं, "मग गाडीपसून किती चाललो रं आपण? कोणत्या अंगाला?"

भारत आठवू लागला. त्या दिवशी आई ठेचकाळू नये म्हणून सगळी वाट तो तिच्या पायांकडेच बघत होता. ढेकळं आठवली, तिच्या चपलेचा तुटका अंगठा आठवला. दिशा काही आठवेना.

"मला तर दिसत नव्हतं," म्हाळसाबाई म्हणाली. "मी तुझा हात धरून चालले."

तिने भाकरीचा डबा उघडला नाही. एकेका अंगाला वळून उसाला हात जोडले, आणि गाडीत जाऊन बसली.