छत्रीकाकांचं "झालं!"

छत्रीकाका आणि हेडबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा पंखा आपोआप मंद झाला, भिंतीवरच्या पालीने शेपूट सरळ केलं आणि खाली रस्त्यावर एका ट्रकने वाजवायला घेतलेला हॉर्न अर्ध्यात गिळला, असं काका शपथेवर सांगतात. काकूंच्या मते यातलं पालीचं तेवढं खरं असावं. पण हेडबाईंनी दार उघडून चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि पन्नाशी उलटलेल्या काकांनी हातातला पाना पाठीमागे लपवला, एवढं नक्की. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या बाई कधीच्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची नजर झाली नव्हती.

"उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही चारला बोलावलंत बाई. चारच वाजलेत."

"मी कारण विचारलेलं नाही."

काकांनी चपला काढल्या आणि, का कोण जाणे, भिंतीला समांतर लावून ठेवल्या.

टीव्हीच्या डिशला लोक छत्री म्हणत त्या काळापासून काका डिश बसवत आलेले, म्हणून ते छत्रीकाका. अर्ध्या शहराच्या गच्च्यांवर त्यांच्या हातच्या छत्र्या. एक डोळा मिटून काका आकाशात बोट दाखवत, "तो बघा, तिथे आहे उपग्रह," जणू काही तो त्यांचा आतेभाऊ आणि नुकताच जेवायला बसलाय. मग छत्री इकडून तिकडे फिरवायची, खालून "आलं, आलं!" अशी हाक आली की नट आवळायचा आणि वरून गर्जना करायची, "झालं!" काकांचं झालं म्हणजे झालं. पुन्हा वर्षानुवर्षं तिकडे बघायला नको.

जमिनीवर हा माणूस गर्दीत हरवला असता. गच्चीवर चढला की राजा. चार भिंतींत मात्र काकांचा जीव कासावीस होई. डॉक्टरकडेसुद्धा ते आत न बसता बाहेरच्या पायरीवर नंबराची वाट बघत आणि तपासून घ्यायचं झालं तर दार उघडं ठेवा म्हणत.

अशा माणसाचा मेहुणा तळघरात निघावा, याला काय म्हणायचं? काकूंच्या या धाकट्या भावाचं बाजाराच्या तळघरात घरोघरी इंटरनेट जोडून देण्याचं दुकान होतं. खिडकी नाही, वाऱ्याची झुळूक नाही, दिवसभर ट्यूबलाइट. तो भेटेल तिथे काकांचा हात धरायचा.

"भावजी, किती दिवस माकडासारखे छपरांवर उड्या मारणार? छत्र्यांचं आता काही खरं नाही. माझ्या काउंटरवर बसा. गुडघे तरी वाचतील."

"गुडघे वाचतील, मी नाही वाचणार. तुझ्या दुकानात बसायचं म्हणजे जिवंतपणी फ्रीजमध्ये बसायचं."

"बघा हं. एक दिवस इंटरनेटसाठी माझ्याचकडे येणार तुम्ही. आलात की खुर्चीत बसवणार, सोडणार नाही."

"आलो तर बसव," काका म्हणाले. काकू ऐकत होत्या, म्हणजे हा शब्द आता दगडावरची रेघ. तेव्हापासून काकांनी बाजाराचा तो कोपराच टाळायला सुरुवात केली.

तर हेडबाईंची अडचण अशी, की समोर एक उंच इमारत उभी राहिली होती आणि बाईंची छत्री आता उपग्रहाऐवजी कुणाच्या तरी न्हाणीघराकडे बघत होती. काका गच्चीवर जाऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं की इथे आता इंटरनेटवर चालणारा नवा बॉक्स हवा. जाहीर तर केलं, पण इंटरनेटशी काकांची ओळख लांबूनच. डिशच्या कंपनीने नव्या बॉक्सचं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं, तेव्हा खोली बंद म्हणून काका मधल्या सुट्टीतच गच्चीवर सटकले आणि कंपनीची स्वतःचीच वाकडी छत्री सरळ करत बसले. त्यांच्या लक्षात राहिलं ते इतकंच, की बॉक्सला इंटरनेट दाखवायचं.

त्यांनी संध्याकाळी नवा बॉक्स आणून ते दाखवलं. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला, बॉक्सवर आकडे दाबले आणि पडद्यावर बाईंची लाडकी संध्याकाळची मालिका लख्ख उमटली. दोन जावा एकमेकींकडे रोखून बघत होत्या.

"आलं!" बाई चक्क हसल्या.

"झालं!" काकांनी गर्जना केली आणि मोबाइल खिशात घालून निघाले. त्यांच्या हिशेबाने यात काही खोट नव्हती. छत्री एकदा आकाशाला लावून नट आवळला की आकाश धरून बसावं लागत नाही. बॉक्सने एकदा इंटरनेट पाहिलं, आता त्याचं तो बघून घेईल.

काका खालच्या फाटकापर्यंत पोचतात न पोचतात तो वरून हाक आली. "अहो छत्रीवाले! जावा थिजल्या!"

काका जिने चढून धापा टाकत आत आले. चित्र सुरू झालं. "बघा, चाललंय की." निघाले. जावा पुन्हा थिजल्या. तिसऱ्या खेपेला काका दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे राहिले, हात खिशाकडे गेला आणि त्यांना सगळा प्रकार कळला. इंटरनेट बॉक्सकडे नव्हतंच. ते त्यांच्या विजारीत होतं.

आता खरं सांगितलं की बाईंना कनेक्शन घ्यावं लागणार, कनेक्शन म्हणजे मेहुणा, मेहुणा म्हणजे ती खुर्ची. बरं, आधीच "झालं!" म्हणून बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा काकांचं झालं न झालेलं निघालं होतं.

"तुम्ही जवळ असलात की नीट चालतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे. बसा."

"नवा बॉक्स आहे बाई. थोडे दिवस लक्ष ठेवावं लागतं," असं काकांच्या तोंडून गेलं आणि ते शिवणयंत्र आणि कपाट यांच्या मधल्या स्टुलावर बसले.

तिथेच ते रोज संध्याकाळी बसू लागले. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे, आकाशाची चिंधीसुद्धा नाही. पंखा बाईंच्या बाजूला. पाय लांब केले की कपाटाला लागत, आखडले की यंत्राचं पायडल हले. बोलायची बंदी. जाहिराती लागल्या की बाई तोंडी परीक्षा घेत.

"थोरलीने किल्ली कुठे लपवली?"

"डब्यात?"

"कुठल्या डब्यात?"

"बाई, मी जरा पायऱ्यांवर जाऊन येऊ का?"

"आत्ताच गेला होतात."

त्यात घरून फोन यायचे. फोन वाजला की हॉटस्पॉट बंद, जावा गप्प. काका घाईघाईने तो कापायचे. घरी गेल्यावर काकू विचारत, "रोज संध्याकाळी असता कुठे? आणि माझा फोन का कापता?"

"लक्ष ठेवतोय."

"कुणावर?"

"बॉक्सवर."

"बॉक्सचं वय काय आहे?"



अशात एक कंत्राटदार काकांना शोधत आला. दूर डोंगरावर नवीन विश्रामगृहं होत होती, तिथे वायर पोचत नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून प्रत्येक छपरावर छत्री बसवायची होती. एक संपलं की दुसरं, कामाला वर्ष तरी पुरलं असतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना आपण जायच्या दिवशी खरं काय ते सांगू आणि पळू, असं त्यांनी ठरवलं. सांगून पळायचं की पळून सांगायचं, एवढंच ठरायचं होतं.

"मालकांशी बोलून संध्याकाळी फोन करतो," कंत्राटदार म्हणाला. "उचला मात्र. उद्या सकाळीच गाडी निघतेय."

संध्याकाळ झाली. काका स्टुलावर. खोलीत वारा नाही, पडद्यावर धाकटी रडतेय, फोन येतोय की काय म्हणून हात सारखा खिशावर. काकांना गुदमरल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी मोबाइल हळूच बॉक्समागे ठेवला.

"बाई, छत्रीचा नट बघून येतो." आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत ते गच्चीवर पोचले.

वर काय वारा होता! समोरच्या इमारतीला वळसा घालून आकाश होतं तिथेच होतं. काका निकामी छत्रीला टेकून बसले, डोंगरावरची छपरं मोजू लागले, आणि फोन खाली आहे ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून साफ गेली. आठवली तेव्हा ते जिन्यावरून जवळजवळ गडगडतच खाली आले.

टीव्ही बंद होता. बाई हातात मोबाइल घेऊन बसल्या होत्या.

"कुणी कंत्राटदार होता. ऐन किल्ली सापडताना जावा थिजल्या. मी त्याला विचारलं, ही काय फोन करायची वेळ आहे? तर म्हणतो, अर्जंट आहे. मी म्हटलं, शिस्त पाळा, मालिका संपल्यावर करा. आणि ठेवला."

काकांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो, तुमच्याकडच्या बाई ओरडल्या अंगावर! मला वाटलं तुम्हाला नको आहे. दुसऱ्याला दिलं काम. सकाळच्या गाडीत तोच बसतोय."

काका स्टुलावर बसले. आज त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"तुमचा फोन वाजला की चित्र थांबतं," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे इंटरनेट यातून येत होतं. चुकलात की खोटं बोललात?"

"आधी चुकलो. मग खोटं बोललो."

"का?"

"झालं म्हणालो होतो ना."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते काम तुमच्यासाठी मोठं होतं?"

"छपरं होती बाई. नुसती छपरं."

बाईंनी उठून पंखा काकांकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी काका बाजाराच्या तळघरात उतरले. "एका बाईंकडे कनेक्शन हवंय." मेहुण्याने टोमणा मारला नाही, हसलाही नाही. काउंटरमागची खुर्ची फडक्याने पुसली आणि म्हणाला, "या भावजी." दुकानातल्या मुलीने बाईंकडे वायर टाकली. तिला चहा प्यायलासुद्धा वेळ पुरला.

मालिका पंधरा दिवसांत संपली आणि बाईंनी कनेक्शन काढून टाकलं. काका अजून काउंटरवरच बसतात.