दाजींचं ‘फ्लाइज इन द फेस’

दाजी कधी निवांत बसलेले मला आठवत नाहीत. जेवायला पाटावर टेकायचे तेही एक गुडघा उभा ठेवून, जणू ताटातली भाकरी संपायच्या आत कुणीतरी हाक मारणार आहे. बोलायचे ते चालत चालत. सोप्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून सोपा. वाक्य मनासारखं जमलं की दाराच्या चौकटीवर थाप मारायचे, तेवढ्यापुरतेच थांबायचे.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या ऑफिसात ते इंग्रजी पत्रं टाइप करायचे. कुणाचा अर्ज फेटाळायचा असला की तिथले मॅनेजर एक ठरलेलं वाक्य सांगत: “युवर रिक्वेस्ट फ्लाइज इन द फेस ऑफ एस्टॅब्लिश्ड प्रॅक्टिस.” दाजींनी ते इतक्यांदा टाइप केलं की ते बोटांतून तोंडात आलं आणि आमच्या घरी मुक्कामालाच राहिलं. एकदा मी अर्थ विचारला. म्हणाले, “म्हंजे समदी दुनिया एक मानती, आन् तू उठून तिच्या तोंडावरच जातोस. लई वाईट खोड.”

मग काय! ताईनं आमटीत गुळाचा खडा टाकला की, “धिस फ्लाइज इन द फेस ऑफ आमटी.” बाजारात मंगळवेढ्याची म्हणून दाखवलेल्या ज्वारीचा दाणा चावून, “शेट, युवर ज्वारी फ्लाइज इन द फेस ऑफ मंगळवेढा.” शेट थंडपणे म्हणाला, “साहेब, इंग्रजीत भिजवला तरी दाणा त्योच की!” मी हौसेनं बेलबॉटम शिवली, तेव्हा तर माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी निकाल दिला, “धिस फ्लाइज इन द फेस ऑफ पाय.” ती पँट मी पुढं ऑफिसात जातानाच घालायचो, तेही मागच्या बोळानं.

आता नातं सांगतो. आमच्यात बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क तिच्या मामाचा, अशी रीत. दाजी माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचं लग्न माझ्या थोरल्या बहिणीशी, ताईशी, झालेलं. म्हणजे माझे आधी मामा, मग दाजी. त्यांची मुलगी शैला एकोणीस वर्षांची, कॉलेजात सायन्सला. आणि तिचा एकुलता एक मामा म्हणजे मी, अठ्ठावीस वर्षांचा, जिल्हा परिषदेत कारकून. गड्ड्याच्या जत्रेत तिला खांद्यावर बसवून मी पाळणे दाखवले होते. आता तिलाच मला द्यायची, असं आईनं ठरवलं.

शैलानं मला एकटं गाठलं. “मामा, तू बोल की आज्जीशी. मला शिकायचंय. आन् तू मामा हायेस रे माझा!”

“बोलतो,” मी म्हणालो.

बोलायला मी तीनदा आईकडे गेलो. पहिल्यांदा चहा मागून आलो, दुसऱ्यांदा डोक्याला तेल लावून घेऊन. तिसऱ्यांदा आईनंच विचारलं, “काय रं, खुशीत हायेस न्हवं?” मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली ते मला अजून नक्की सांगता येत नाही. आईला मात्र कळलं. दुसऱ्या दिवशी वैरागला पत्र गेलं, आणि सुपारी फोडायला तिथून नात्यातले थोरले आप्पा आले.

दाजींच्या सोप्यात घोंगडी अंथरली. आप्पांनी सुपारी हातात घेतली. आई खुशीत होती. रीतीचा सगळ्यात मोठा पहारेकरी, म्हणजे दाजी, घरातच होता, तिला कसली धास्ती? मी टोपी घालून, खाली मान घालून बसलेलो. शैला आतल्या दाराशी उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

दाजी चालत होते. आप्पा वैतागले. “अरं, बस की जरा! तुझ्याच पोरीची सुपारी हाय.”

दाजी थांबले, ताईसमोर. “लग्नाआधी तू मला काय म्हणायचीस?”

ताई बावरली. “मामा.”

“आन् लग्नानंतर?”

ताई हळूच म्हणाली, “नंतर काईच न्हाय. ‘अहो’ म्हणाया जाते, तर ‘मामा’च येतं तोंडात. मग गप ऱ्हाते.”

“‘इकडं या’, ‘ऐकलं का’, ‘बघा’... यातलं एक बी कंदी न्हाय. वीस वरसं हिनं मला हाक मारली न्हाय,” दाजी सगळ्यांना म्हणाले. आवाज टाइप केल्यासारखा सुरू झाला. “सो धिस सुपारी... धिस फ्लाइज इन द...” पुढं येईना. गिरणीतलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अडलं. मग ते आईकडे वळले आणि घरातल्या कानडीत म्हणाले, “बेड, अक्का. बेड.” नको, अक्का. नको.

“म्हंजे आमी केलं ते वंगाळ केलं व्हय?” आईनं विचारलं.

“तुझं मला ठावं न्हाय. माझ्या पोरीचं हुयाचं न्हाय.”

आप्पांनी सुपारी तशीच खिशात टाकली. आई उठली, चपला घातल्या आणि निघाली. सख्ख्या भावाच्या घरचं पाणी तिनं त्यानंतर कधी घेतलं नाही. दाजी वारले तेव्हाही ती अंगणातच उभी राहिली.

त्या संध्याकाळी दाजी मला घेऊन तळ्याच्या काठानं चालत होते. मी सुटल्याच्या आनंदात बरळत होतो. ते मधेच म्हणाले, “तू का बोलला न्हाईस?”

“मला वाटलं, कुणीतरी बोलेल.”

“आन् मी गप ऱ्हायलो असतो तर?”

दाजी पुढं चालू लागले, भराभर, मला गाठता येऊ नये इतके.

शैला पुढं शिकली, कॉलेजात शिकवायला लागली. आमच्याकडे कार्य निघालं की हा किस्सा मलाच सांगायला लावतात. एकदा रंगात येऊन मी त्यात स्वतःसाठी एक वाक्य घातलं. दाजींच्या आधी मीच टोपी काढून ‘नको’ म्हणालो, असं. सगळे वा वा म्हणाले. शैला समोरच जेवत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मामा, आता खरं सांग.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.