जात्यावरची साक्ष

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी तसा नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. दिवेआगरला आमची पोफळीची वाडी होती. आई जात्यावर बसली की ओवीची पहिली ओळ ती म्हणायची आणि दुसरी मी जोडायची. माझी पहिली पूर्ण ओवी ही:

पोफळीच्या झावळीची । माझी गाडी गं चालली
दादा ओढितो पुढती । वाळू मागं उधळली

तेव्हा जे दिसे ते म्हणायची, लपवण्यासारखं काही नव्हतंच. सोळाव्या वर्षी किहीमला सासरी आले. दोन वर्षांत आई गेली, भावाच्या घरात मला जागा उरली नाही. मग ओव्यांत आईच आई. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला. सणावाराला रेवसच्या लाँचने यायचे नि चार दिवसांनी जायचे.

एका शिमग्याला हे आले आणि मला काहीतरी निराळं वाटलं. बोलणं गोड, नजर मात्र इकडेतिकडे. सदऱ्याचं तुटलेलं बटण मी मागच्या खेपेला लावायचं विसरले होते, ते कुणीतरी लावलं होतं. टाके बारीक, दोरा नवा. विचारणार कोणाला? सासूबाईंच्या लेखी मुलगा म्हणजे देव. मी जात्यावर बसले आणि म्हणून मोकळी झाले:

लाँचीतून उतरलं । माणूस गं कुणाचं
सदरा माझ्या ओळखीचा । बटण नव्या दोऱ्याचं

जात्यावर म्हटलेलं चुलीपाशी विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीच्या भरवशावर मी महिनोन् महिने त्या परक्या माणसावर ओव्या रचल्या. नवऱ्याबद्दल असं कोणी गात नाही, ऐकणारी तो माणूस दुसराच कोणी समजेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिथेच चुकले.

त्याच सुमारास गावात पिठाची गिरणी आली. सगळ्यांचं दळण तिकडे जाऊ लागलं, आमचं सोडून. "गिरणीचं पीठ गरम होतं, भाकरी थापता येत न्हाय," सासूबाई म्हणायच्या. मला तेव्हाच शंका आली. मी दळायला बसले की त्या दाराआड तांदूळ निवडत बसत, आणि निवडलेलेच पुन्हा निवडत.

एके दिवशी रीत मोडून त्यांनी विचारलंच. "त्यो लाँचीतला माणूस कोण हाय गं?"

काय सांगणार, तुमचाच मुलगा?

"गणपतीला येऊ दे माझ्या लेकाला. गाठोडं बांधून ठेव तुझं."

जायचं कुठे होतं मला?

गणपतीला हे आले. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी त्यांना ओटीवर बसवलं, मला खांबाशी उभं केलं आणि म्हणायला सुरुवात केली. बाई अक्षरशत्रू, पण चार वर्षांतली माझी एकेक ओवी त्यांना पाठ होती, तीही लागोपाठ. आधी झावळीची गाडी, जी मी सासरी आल्या आल्या म्हणायची, मग आई, मग तो माणूस. गाणारी एकच, असं ऐकून कोणी म्हणालं नसतं. ती वाळू उडवणारी पोर कधी अशी कडू झाली, मलाच कळलं नव्हतं. मला माझीच कीव आली.

बटणाच्या ओवीपाशी सासूबाई थांबल्या. ह्यांचा हात सदऱ्याच्या बटणावर गेला होता. सासूबाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बटण कोणी लावलं रे?"

"मीच लावलं, आई. खोलीवर दुसरं कोण आहे?"

सासूबाई आत गेल्या. सुई, दोरा आणि एक बटण आणून त्यांनी ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. "लाव बघू."

ह्यांनी दोरा ओला केला. सुईच्या नाकात घालायला गेले, हुकला. पुन्हा हुकला. आम्ही दोघी बघत होतो. संशय खरा ठरला की बरं वाटेल असं मला वाटायचं. नाही वाटलं.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझं गाठोडं सोड. जायचंच तर त्यो जाईल."