फुईची आखाजी

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झाली. सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं, आणि तिथून पुढे ती शिरपूरजवळच्या आमच्या गावी, भावाच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या घरीच राहिली. आमची आई लवकर गेली, म्हणून माझ्या भावाला आणि मला तिनेच वाढवलं. तोंडाने फटकळ, मनाने मायाळू. मी तिच्यावरच गेले आहे, निदान तोंडाच्या बाबतीत तरी.

१९९० सालच्या आसपास तिचं डोकं भरकटायला लागलं. चूल पेटवून विसरायची, भर उन्हात विहिरीकडे निघायची, लुगडं खराब झालेलं तिला कळायचं नाही. भाऊ दिवसभर कपाशीत, वहिनीची कंबर कायमची धरलेली. गावातली एक बाई राखणीला ठेवली, तर फुईने तिला चोर ठरवून हाकलून लावलं. दुसरी कुणी यायला तयार होईना. मग भावाने धुळ्याच्या एका वृद्धाश्रमात चौकशी केली.

मी जळगावहून तणतणत गेले. "गावात तोंड कसं दाखवशील?" म्हणाले. वहिनी फुईची धुतलेली लुगडी वाळत घालत राहिली. भाऊ एवढंच म्हणाला, "मंग तू लई जा जयगावले." आमच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि मुलं. शिवाय फुई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. माझी माया म्हणजे बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. दिवाळी झाल्यावर फुई धुळ्याला गेली.

पुढे आखाजी आली. अक्षय्य तृतीया हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. माहेरचा माणूस मुराळी म्हणून सासरी येतो आणि लेकीला घेऊन जातो. मग झोके, गाणी, पुरणपोळी अन् आमरस. भाऊ मला न्यायला जळगावला आला. आमची एसटी धुळ्यावरूनच जायची, तेव्हा मीच म्हटलं, उतरून फुईला भेटू. सण तोंडावर आलाय आणि आपण तिच्या माहेरची माणसं आहोत, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही.

भावाला दारात बघताच फुई पलंगावरून उठली आणि लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. "ऊना मना मुराई! कवयनी वाट देखी ऱ्हायनू."

तिला जन्मात मुराळी फारसा आला नव्हता. ती माहेरातच असायची. दुसऱ्यांच्या लेकी झोके घ्यायच्या आणि ती आत पुरण वाटत बसायची. भावाने माझ्याकडे पाहिलं. आखाजीला लेकीच्या दारातून रिकामं परतायचं कसं? "चाल फुई," तो म्हणाला आणि त्याने गाठोडं उचललं.

गावी ती इतकी शहाण्यासारखी वागली की मला आशा वाटायला लागली. वहिनीने तिचं डोकं तेल घालून विंचरलं. ती झोक्यावर बसली, जुनी गाणी बिनचूक म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी भाऊच म्हणाला, ठेवून घेऊ तिला, बघू कसं होतं ते. वहिनीनेही मान डोलावली. मी इतकी सुखावले की वहिनीला मिठीच मारली.

सकाळी मी पिशवी भरत होते, तर फुई गाठोडं घेऊन ओट्यावर तयार.

"फुई, तू आते आठेच ऱ्हाय," भाऊ ओट्यावर हात थोपटत म्हणाला.

"अंडेरनी जास्त दिन माहेरमा राहू नई," ती ठामपणे म्हणाली. अंडेर म्हणजे लेक. "माले पोचाडी दे."

समजावून पाहिलं, मी रागावूनही पाहिलं. दुपारपर्यंत ती तिथून हलली नाही, जेवलीही नाही. शेवटी आम्ही तिघं एसटीत बसलो.

धुळ्याला ती आमच्या पुढे चालली. तिने पलंगावरची चादर सारखी केली, आम्हाला बसवलं आणि तिथल्या बाईला हाक मारली, "मना माहेरना मानसं उनात. च्या ठेव माय."

चहा आला. भावाने कप हातात घेतला आणि तो ढसाढसा रडायला लागला. लहानपणापासून मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना.

फुई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नको भाऊ," ती म्हणाली. "आठे माले सासरवास नई."