फ्लेक्समागचा फळा

अख्ख्या लालबागमध्ये बातमी जिवाला लावून घेणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आपण बातमी वाचतो, च्च करतो आणि चहा पितो. काकांचा चहा गार व्हायचा. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी चाळीच्या नाक्यावरचा मंडळाचा फळा ताब्यात घेतला होता. एरवी वर्गणीच्या नि मयताच्या सूचनांसाठी असलेल्या त्या फळ्यावर काका रोज सकाळी खडू घेऊन आदल्या दिवसाचा समाचार घ्यायचे. वर राजकारण, मध्ये नाटक-चित्रकला, तळाला खाणंपिणं. संताप मात्र सगळ्यांवर सारखाच. एका आमदाराने पुन्हा उडी मारली तेव्हा त्यांनी लिहिलं, 'गेल्या महिन्याचीच बातमी, फक्त पक्षाचं नाव बदलून वाचावी.' नाटक पाहून आले की नटांपेक्षा प्रेक्षकांना झोडपायचे: 'दुसऱ्या अंकात सात मोबाइल वाजले. एक उचललाही.' फोर्टात एका पिवळ्याजर्द चित्रासमोर अर्धा तास उभे राहून आले आणि 'पाय दुखले' एवढंच परीक्षण लिहिलं. आणि जुन्या गिरणीच्या आवारातल्या कॅफेत भजी म्हणे शाळेच्या पाटीवर वाढतात, हे कळलं त्या दिवशी तळाची जागा पुरेना, राजकारण पुसावं लागलं. त्याच आवारात त्यांनी बावीस वर्षं कापड विणलं होतं.

मग कुणा भाईंचा वाढदिवस आला आणि कार्यकर्त्यांनी शुभेच्छांचा फ्लेक्स नेमका फळ्यावर ठोकला. एवढ्या मोठ्या नाक्यावर यांना दुसरी भिंत मिळू नये? मी मंडळात जाऊन तावातावाने भांडलो. वाढदिवस झाला की काढू, म्हणाले. कसला काढतायत! एक भाई उतरला की दुसरा चढायचा. काका मात्र रोजच्यासारखे खडू घेऊन आले. त्यांनी खालचे खिळे उपटले, फ्लेक्स डोक्यावर घेतला आणि आत शिरून लिहू लागले. बाहेरून भाईंचा हसरा चेहरा आणि त्याखाली काकांचे दोन पाय दिसायचे. वाचणारेही मग तसेच आत शिरायचे. मी म्हटलं, काका, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत जा, मी शिकवतो.

"थंय माणूस एकटोच वाचता," ते म्हणाले. "हय दोघे उभे रवले की भांडतत तरी."

गेल्या महिन्यात गुडघ्यांपायी मुलाने त्यांना बदलापूरला नेलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "फळो बघ रे." मी हो म्हटलं आणि विसरलो. फळ्यासाठी मंडळाशी भांडणारा मी, माझीच मला लाज वाटते. परवा ऑफिसला निघालो तर आमचा इस्त्रीवाला सवयीने फ्लेक्स उचलून आत वाकला होता आणि महिन्याभरापूर्वीच्या शिळ्या, पुसट ओळी पुन्हा पुन्हा वाचत होता. मीही आत शिरलो, राजकारण पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'काका बदलापूरला आहेत. त्यांचे गुडघे दुखतात.'

इस्त्रीवाल्याने ते वाचलं. एवढी मोठी बातमी आम्हाला महिन्याने कळते काय, म्हणून तो माझ्यावरच भडकला. मीही ऐकून घेतलं नाही. त्या फ्लेक्सखाली आम्ही दोघे चांगली दहा मिनिटं भांडलो.